काळा जॅक कोणता? एका जुन्या शब्दाचा अर्थ ठरवण्याची रीत

जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनात, खाणीच्या अहवालात किंवा एखाद्या मालमत्तेच्या यादीत ‘ब्लॅक जॅक’ हे दोन शब्द भेटले, की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी पत्त्यांचा डाव येतो. हा अर्थ आज सर्वांत रुळलेला असला, तरी या शब्दाच्या घरात तो बराच उशिरा राहायला आला आहे. १९१३ सालच्या वेबस्टरच्या बृहत्कोशात या शब्दाखाली पाच अर्थ दिले आहेत : जस्ताच्या धातुकाला इंग्रज खाणकामगारांनी दिलेले नाव, मद्याला व दळलेल्या कॉफीला रंग आणण्यासाठी वापरली जाणारी करपवलेली साखर, बिअरसाठीचे चामड्याचे मोठे भांडे, ओक वृक्षाची एक जात आणि चाच्यांचे निशाण. पत्त्यांचा डाव या पाचांत नाही, आणि शिसे भरून चामड्यात शिवलेला आखूड सोटा, ज्याला अमेरिकेत हेच नाव आहे, तोही नाही. कोश उघडून पहिला अर्थ उचलण्याची सवय येथे फसवते, कारण कोणता अर्थ पहिला छापायचा हे कोशकाराच्या काळावर आणि धोरणावर ठरते, आपल्यासमोरच्या मजकुरावर नव्हे.

पुढे सांगितलेली रीत या एका शब्दासाठी बेतलेली आहे, पण ज्या शब्दावर अनेक धंद्यांनी हक्क सांगितला आहे अशा कोणत्याही जुन्या शब्दाला ती लागू पडते. तिचा गाभा एवढाच, की शब्दाचा अर्थ विचारण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे हे विचारावे.

पहिले काम शब्दाची फोड करण्याचे. ‘जॅक’ हे जॉन या नावाचे लाडके रूप. हे नाव इंग्लंडमध्ये इतके सर्रास होते, की कोणताही सामान्य माणूस, गडी, पोऱ्या हा ‘जॅक’ झाला. पुढे गड्याचे काम करणाऱ्या उपकरणांनाही तेच नाव मिळाले. मोटारगाडी उचलण्यासाठी आपण ज्याला आजही जॅक म्हणतो तो याच घराण्यातला आहे. पत्त्यांमध्ये ज्याला मराठीत गुलाम म्हणतात त्यालाही इंग्रजीत जॅक म्हणतात, आणि येथेही मूळ कल्पना चाकर माणसाची आहे. याशिवाय जुन्या काळी सैनिक अंगात घालत त्या जाड किंवा चामडी अंगरख्याला फ्रेंच शब्दावरून जॅक म्हणत, आणि जहाजाच्या नाळेवर लावायचे लहान निशाणही जॅकच. म्हणजे ‘ब्लॅक जॅक’चे सगळे अर्थ एकाच बीजातून फुटले आहेत असे गृहीत धरून चालत नाही.

हा मुद्दा मराठीत पटकन उमगतो. झाडाचे पान, पुस्तकाचे पान आणि पत्त्यांतले पान हे एकाच शब्दाचे पसरत गेलेले अर्थ आहेत. एकातून दुसरा निघाला, हे शब्दाकडे नुसते पाहूनही कळते. ‘मद्यपान’ या शब्दातले ‘पान’ मात्र पिणे या अर्थाच्या धातूपासून आलेले असून त्याचा झाडाच्या पानाशी काही संबंध नाही. उच्चार एक, लेखन एक, मुळे दोन. ‘ब्लॅक जॅक’च्या अर्थांकडे पाहताना ही दोन्ही नाती डोक्यात ठेवावीत, आणि पुराव्यावाचून दोन अर्थांना एकमेकांचे नातलग ठरवू नये.

‘ब्लॅक’ हा भाग त्या मानाने सरळ आहे. बहुतेक अर्थांमध्ये वस्तू खरोखरच काळी आहे : धातुक काळपट, भांडे डांबर फासून काळे झालेले, साखर करपून काळी, ओकची साल जवळजवळ काळी. माणसांच्या बाबतीत मात्र या शब्दाला वेगळी आणि कधी कधी कटू छटा येते. तिच्याकडे पुढे वळू.

दुसरे काम शब्दाचे शेजारी वाचण्याचे, आणि ठरवण्याचे निम्मे काम येथेच होऊन जाते. शब्दासोबत कोणते क्रियापद आले आहे आणि कोणते माप आले आहे, एवढेच आधी पाहावे. ‘ब्लॅक जॅक’ टनांत मोजला जात असेल, भाजला जात असेल, राशीवर टाकला जात असेल, तर तो खनिज आहे. तो भरला जात असेल, रिकामा होत असेल, हातोहात फिरत असेल, तर ते भांडे आहे. तो मद्यात घातला जात असेल तर ती करपवलेली साखर आहे. तो खिशातून निघून कोणाच्या डोक्यात बसत असेल तर सोटा, आणि त्यात कोणी हरत-जिंकत असेल तर पत्त्यांचा डाव. हे इतके उघड वाटते की वाचक ही पायरी गाळतो. मोठे भाषांतर हातात असताना ओळखीच्या शब्दाजवळ थांबावेसे वाटत नाही, आणि नेमका ओळखीचा शब्दच दगा देतो. माझ्या कामात ज्या चुका मला नंतर दुरुस्त कराव्या लागल्या, त्यांतल्या बहुतेक अवघड शब्दांच्या नव्हत्या, अशाच ओळखीच्या शब्दांच्या होत्या.

आता खाणीतल्या अर्थाजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण या शब्दाचा सर्वांत समृद्ध थर तोच आहे आणि कोशातल्या एका ओळीत तो मावत नाही.

खाणकामगारांचा ब्लॅक जॅक म्हणजे स्फॅलेराइट हे खनिज, जस्त आणि गंधक यांचे संयुग. शुद्ध रूपात त्यात वजनाने सुमारे ६७ टक्के जस्त असते. परंतु निसर्गात जस्ताची काही जागा लोह घेते, आणि लोहाचे प्रमाण वाढत गेले की खनिजाचा रंग पिवळसर, तांबूस, तपकिरी असा गडद होत काळ्यावर येतो. या रंगांनुसार अमेरिकी खाणकामगारांनी जॅकची भावंडेही ठरवली होती : माणकासारख्या लाल खड्याला रूबी जॅक, राळेच्या रंगाच्या तुकड्याला रॉझिन जॅक आणि काळ्याला ब्लॅक जॅक. म्हणून एखाद्या मजकुरात नुसते ‘जॅक’ आले आणि आजूबाजूला शिशाचे किंवा जस्ताचे नाव असले, तर माणसाचे नाव समजून पुढे जाण्याआधी थबकावे. मिसुरी राज्यातील जॉप्लिनच्या परिसरात जस्ताच्या धातुकाला नुसते ‘जॅक’ म्हणणे हा रोजचा प्रघात होता.

काळ्या स्फॅलेराइटचा आणि गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या धातुकाचा, तुकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की या नावामागचा राग समजतो. दोन्ही गडद, दोन्ही चमकदार, आणि पुष्कळदा एकाच शिरेत एकमेकांना चिकटून सापडणारे. मेणबत्तीच्या उजेडात, ओल्या दगडावर, शिसे शोधणाऱ्या माणसाला काळा स्फॅलेराइट शिसेच वाटणार. मात्र हातात घेतला की भेद कळतो. गॅलेनाचे विशिष्ट गुरुत्व साडेसातच्या आसपास आहे, स्फॅलेराइटचे चारच्या आसपास. म्हणजे सारख्याच आकाराच्या दोन तुकड्यांत गॅलेना जवळजवळ दुप्पट जड लागतो. गॅलेना फोडला की काटकोनात फुटून लहान लहान घन होतात. स्फॅलेराइटचे पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणे, सहा दिशांनी असल्यामुळे त्याचे पैलू तिरके पडतात. गॅलेनाची चमक धातूची, स्फॅलेराइटची राळेसारखी. बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर दोन्ही घासून पाहावेत : गॅलेनाची रेघ शिशासारखी करडी उमटते, आणि काळ्याभोर दिसणाऱ्या ब्लॅक जॅकची रेघ मात्र फिकी तपकिरी किंवा पिवळसर येते. त्याच्या भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला, तर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास विषारी वायूचा असल्यामुळे ही शेवटची परीक्षा घरात करू नये. रेघेची परीक्षा पुरेशी आहे.

या फसवणुकीची नोंद नावांनीच करून ठेवली आहे. जर्मन खाणकामगार याला ‘ब्लेंडे’ म्हणत, आणि तो शब्द डोळ्यांना भुरळ घालणे, फसवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. इंग्रजीत यालाच ‘खोटा गॅलेना’ आणि ‘नकली शिसे’ या अर्थाचीही नावे होती. १८४७ साली अर्न्स्ट फ्रीड्रिख ग्लोकर यांनी स्फॅलेराइट हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यांनीही दगाबाज या अर्थाचाच ग्रीक शब्द निवडला. खाणकामगाराने त्या दगडाला जॅक म्हटले, शास्त्रज्ञाने ग्रीक नाव दिले, आणि दोघांची तक्रार एकच होती. अशी नावे या एका खनिजापुरती नाहीत. कोबाल्ट हे नाव ‘कोबोल्ड’ या खोडकर भुतावरून आले, आणि निकेल हे नाव ज्या धातुकावरून आले त्यात तांबे दिसे पण हाती येत नसे, म्हणून जर्मन खाणकामगारांनी त्याच्या नावात निकेल हा खट्याळ पिशाच्चच घातला होता. जमिनीखाली काम करणाऱ्याला जे खनिज दगा देते त्याला तो माणसाचे किंवा भुताचे नाव ठेवतो, हे एकदा लक्षात आले की ‘जॅक’ येथे का आला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र हा दगाबाज नेहमीच नकोसा राहिला नाही, आणि येथूनच तिसरे काम सुरू होते : मजकुराचा काळ ठरवणे. जस्त हा धातू तापवला की सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होऊन तो निघून जातो. त्यामुळे साध्या भट्टीत तो हाती लागत नाही, वाफ बंद भांड्यातून नेऊन थंड करावी लागते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन यांनी १७३८ साली जस्त काढण्याच्या अशा पद्धतीचे पेटंट घेतले, आणि त्यांचे बंधू जॉन चॅम्पियन यांनी १७५८ साली ब्लॅक जॅक भाजून, त्यातले गंधक घालवून, उरलेल्या ऑक्साइडपासून जस्त व पितळ करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याआधी पितळेसाठी कॅलामाइन हे जस्ताचे दुसरे धातुक वापरले जाई, आणि ब्लॅक जॅकला किंमत नसे. म्हणून त्याआधीच्या इंग्रजी मजकुरात ब्लॅक जॅक बहुधा अडगळ असतो आणि नंतरच्या मजकुरात तो हळूहळू माल होत जातो. अमेरिकेत हेच वळण शंभराहून अधिक वर्षे उशिरा आले. जॉप्लिनच्या परिसरात सुरुवातीचे शिसेवाले ते धातुक टाकून देत आणि १८७०च्या दशकात त्याला बाजार मिळाला. वाक्याचा अर्थ तोच राहिला तरी त्यातला सूर, निराशेचा की समाधानाचा, हा साल आणि ठिकाण पाहिल्याशिवाय कळत नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील खाणकामगारांची एक म्हण या बाबतीत मोलाची आहे. ‘ब्लॅक जॅक चांगल्या घोड्यावर बसतो’, असे ते म्हणत. शिरेच्या वरच्या भागात हे जस्ताचे धातुक दिसले, तर त्याच्या खाली चांगले तांबे मिळण्याची आशा असे. वर दिसतो तो स्वार जॅक, आणि खाली दडलेला घोडा म्हणजे तांबे. ही म्हण माहीत नसेल तर ते वाक्य एखाद्या माणसाबद्दलचे वाटते. आणि गुंता येथेच संपत नाही, कारण ‘ब्लॅक जॅक’ नावाचा एक खराखुरा घोडाही होऊन गेला. २५ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या अंत्ययात्रेत रिकामे खोगीर आणि रिकिबीत उलटे अडकवलेले बूट घेऊन जो घोडा चालला, त्याचे हे नाव होते. म्हणजे ‘जॅक’ आणि ‘घोडा’ हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात सापडले, तरी शेजारी शब्द एकटा निर्णय देऊ शकत नाही. साल पाहावे लागते.

भांड्याच्या अर्थाचा काळही असाच बांधलेला आहे. चामडे शिवून, आतून-बाहेरून डांबर किंवा राळ फासून केलेले मुठीचे हे मोठे भांडे सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजी मजकुरात भेटते. १६३५ साली टॉमस हेवुड यांनी लिहून ठेवले आहे, की फ्रेंच लोकांनी ही भांडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मायदेशी जाऊन सांगितले, की इंग्रज लोक बुटातून दारू पितात. १९१३च्या कोशाने मात्र या अर्थापुढे ‘लुप्त’ अशी खूण केली आहे. कोशातल्या अशा खुणा वाचकाने शब्दाइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात. खनिजाच्या अर्थापुढे ती खूण नव्हती, हेही तितकेच सांगणारे आहे.

चौथे काम ठिकाण पाहण्याचे. दक्षिण आफ्रिकेतील मजकुरात मोजे, कपडे किंवा गवत यांच्या संगतीत ‘ब्लॅकजॅक’ आला, तर ते बायडेन्स पिलोसा या तणाचे काळे, काटेरी टोकांचे बी असते. ते कपड्यांना कुसळासारखे चिकटते. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील मजकुरात कोरडी, वाळूची, निकस जमीन आणि तिच्यावर ब्लॅकजॅक वाढलेला असे वर्णन आले, तर ती ओकची खुरटी जात. या ओकबाबत एक खास सावधगिरी सांगतो. १९१३च्या कोशाने त्याचे शास्त्रीय नाव क्वेर्कस नायग्रा असे दिले आहे, आणि आज ते नाव वॉटर ओक या निराळ्या झाडाचे आहे. ब्लॅकजॅक ओकला आता क्वेर्कस मॅरिलँडिका म्हणतात. शास्त्रीय नाव मिळाले म्हणजे अर्थ पक्का झाला, असे जुन्या कोशाच्या बाबतीत म्हणता येत नाही. ते नाव आज कोणाचे आहे, हे नव्या वनस्पतिसूचीत पाहून घ्यावेच लागते.

पाचवे काम मोठ्या आणि लहान अक्षरांचे, आणि मराठीत लिहिणाऱ्याने ते विशेष काळजीने करावे. इंग्रजीत पहिले अक्षर मोठे असले तर ते विशेषनाम असण्याची शक्यता वाढते. देवनागरीत ही खूण उरतच नाही, म्हणून लिप्यंतर करण्याआधी मूळ पान नीट पाहावे. २ जून १८५६ रोजी अमेरिकेतील कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउन यांच्या माणसांची गुलामगिरीच्या समर्थकांशी जी चकमक झाली, ती ‘ब्लॅक जॅकची लढाई’ म्हणून ओळखली जाते, आणि तेथे हे नाव ब्लॅकजॅक ओकच्या झाडीवरून आले आहे. अमेरिकी यादवी युद्धातले सेनानी जॉन लोगन यांना काळ्या केसांमुळे आणि सावळ्या वर्णामुळे हे टोपणनाव मिळाले. पहिल्या महायुद्धात युरोपातील अमेरिकी सैन्याचे नेतृत्व करणारे जनरल जॉन पर्शिंग यांना मिळालेल्या याच टोपणनावाची कहाणी मात्र वेगळी आहे. त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळात काम केले होते, आणि वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत ते शिक्षक असताना छात्रांनी ते हिणवण्यासाठी वापरले. मुळातले रूप याहूनही अपमानकारक होते आणि पुढे ते सौम्य होऊन ‘ब्लॅक जॅक’ एवढे उरले. वर उल्लेखलेल्या घोड्याचे नाव पर्शिंग यांच्यावरूनच ठेवलेले. टोपणनावाखाली दडलेली ही तुच्छता भाषांतरात पुसली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. एका ओळीच्या टिपेत ती सांगता येते.

आता पत्त्यांच्या डावाकडे येऊ. त्याच्या नावाबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, आणि व्युत्पत्तीच्या गोष्टींची परीक्षा कशी घ्यावी याचा तो उत्तम नमुना आहे. गोष्ट अशी : एकवीस गुणांच्या फ्रेंच डावाकडे लोकांनी वळावे म्हणून अमेरिकेतील जुगारगृहांनी जादा बक्षीस लावले, इस्पिकचा एक्का आणि त्यासोबत इस्पिकचा किंवा किलवरचा, म्हणजे काळा, गुलाम आला तर एकास दहा मिळत, आणि त्या काळ्या गुलामावरून डावाला नाव पडले. गोष्ट नेटकी आहे, ऐकताच पटते. परीक्षा मात्र दोनच प्रश्नांची असते : असे बक्षीस खरोखर होते याचा त्या काळचा पुरावा आहे का, आणि नाव त्याआधी वापरात होते का? पत्त्यांच्या इतिहासाचे फ्रेंच अभ्यासक थिएरी दपोलिस यांनी हे शोधले. काळ्या गुलामाच्या बक्षिसाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मिळाले ते असे, की १८९६ ते १८९९ या काळात कॅनडातील क्लोंडाइककडे सोन्याच्या शोधात धावलेल्या लोकांत हे नाव चालत होते, आणि बक्षीस मिळत होते ते एक्का आणि दहा गुणांचे कोणतेही पान जुळल्यावर. यावरून त्यांनी तर्क मांडला, की सोन्या-चांदीच्या साठ्यांजवळ पुष्कळदा जस्ताचे ब्लेंड सापडते, म्हणून सोने शोधणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या त्या खनिजाचे नाव डावातल्या सर्वोत्तम जोडीला दिले असावे. हा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच लिहावा. पण ज्या माणसांच्या तोंडी हा शब्द होता ती माणसे दिवसभर कोणते दगड फोडत होती याकडे तो पाहतो, म्हणून त्याचे पारडे मला जड वाटते. कॉर्नवॉलच्या म्हणीतला जॅक खालच्या तांब्याची खूण होता, हे आठवले तर तो अधिकच पटतो.

शेवटचे काम मराठीत लिहिण्याचे. ‘काळा जॅक’ असे अर्धवट भाषांतर कोठेही करू नये. त्यातून ना खनिज कळते ना भांडे. भांड्यासाठी मराठीत बुधला हा जवळचा शब्द आहे, कारण बुधलाही चामड्याचाच. ‘डांबर फासलेला, मुठीचा चामडी बुधला’ असे पहिल्यांदा लिहून पुढे नुसता ‘बुधला’ चालवावा. सोट्यासाठी ‘शिसे भरलेला आखूड सोटा’, साखरेसाठी ‘करपवलेली साखर’ आणि झाडासाठी ‘ब्लॅकजॅक ओक’ पुरते. डावाचे नाव जसेच्या तसे ‘ब्लॅकजॅक’ ठेवावे. खनिजाच्या बाबतीत मात्र खाणकामगाराचा शब्द पुसून त्या जागी स्फॅलेराइट लिहिले, तर शास्त्र बरोबर राहते आणि माणूस हरवतो. अशा ठिकाणी मी दोन्ही ठेवतो : ‘त्या दिवशी शिरेत शिसे लागले नाही, लागला तो ब्लॅक जॅक, म्हणजे जस्ताचे काळे धातुक, आणि ते बाहेरच्या ढिगावर टाकून दिले.’ एवढ्या एका वाक्यात वस्तू कळते, शब्द टिकतो, आणि ढिगावर टाकणाऱ्या हाताला त्या दगडाची तेव्हा काय किंमत वाटत होती तेही समजते.